पट्टा ओला केला होतास का?

जबलपूरच्या डुमना रस्त्यावर सकाळी सायकली हाणणारी पोरं मला ‘ईसीजीवाली आंटी’ म्हणतात; त्यांतली मराठी घरांतली काकू म्हणतात. हाक कोणतीही असो, मागून येणारी तक्रार एकच. छातीला बांधलेला पट्टा भलतेच ठोके दाखवतो. घरातून निघाल्या निघाल्या, अजून घाम नाही, दम नाही, आणि हँडलवरच्या डबीवर २१०. नाहीतर उलट, चढावर जीव कंठाशी आलाय आणि आकडा ९५ वर अडून बसलाय. मी पहिला प्रश्न विचारते तो शीर्षकातला. बऱ्याच जणांना तो अपमान वाटतो. इतकं महागाचं यंत्र, त्याला पाण्याचा हात कशाला लावायचा?

जबलपुरातल्या एका इस्पितळाच्या ईसीजीच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. सायकल त्याच्याही आधीपासूनची. त्यामुळे या पट्ट्यांची दुखणी ऐकली की मला ती नवी वाटतच नाहीत. ती आमच्याच खोलीत जन्मली, वाढली आणि पुढे रस्त्यावर गेली. त्यांची कुळकथा कुणीतरी सांगायला हवी, म्हणून हा उद्योग.

आपल्याकडे नाडी बघणं जुनं आहे, पण लोक समजतात तितकं जुनं नाही. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेचा वेगळा अध्याय सापडत नाही. ती नीट भेटते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. वाताची नाडी साप किंवा जळवेसारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंसासारखी. वैद्य नाडीची चाल बघत होता, मोजत नव्हता. पुढच्या ग्रंथांनी एक पथ्यही घालून दिलं: नुकत्याच न्हालेल्याची, जेवून उठलेल्याची, व्यायाम करून आलेल्याची नाडी बघू नये. म्हणजे सायकलवाला वैद्याच्या दारातूनच परत. मला हे पथ्य फार शहाणपणाचं वाटतं. हलत्या, तापलेल्या, घामेजलेल्या शरीराची नाडी फसवते, हे त्या लोकांना ठाऊक होतं. मोजणीचं वेड तिकडे युरोपात सुरू झालं. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७०७ साली नाडी मोजायचं खास घड्याळ पुढे आणलं. ते बरोबर एक मिनिट चालून थांबायचं. तरी रोगी खाटेवर आणि डॉक्टर खुर्चीवर, ही मांडणी तीच राहिली.

मग आली वीज. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयाची वीज कातडीवरून पहिल्यांदा टिपली. त्याचा जिमी नावाचा बुलडॉग होता. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे, तारा यंत्राला जोडायच्या, आणि पाऱ्याचा थेंब ठोक्याबरोबर हलताना लोकांना दाखवायचा. यावरून १९०९ मध्ये चक्क ब्रिटिश संसदेत कुत्र्याच्या छळाचा प्रश्न उपस्थित झाला. गृहमंत्र्यांनी खुलासा केला तो असा की, समुद्रात पाय बुडवून उभं राहण्यापलीकडे त्या कुत्र्याला काही होत नाही. हृदयाचा आलेख आणि मिठाचं पाणी यांची सोयरीक तेव्हापासूनची. कोरडी कातडी वीज जाऊ देत नाही. खारट ओल असली की वाट मोकळी. एवढंच शास्त्र आहे, आणि आजच्या पट्ट्याच्या पत्रकात ‘वापरण्यापूर्वी ओला करा’ असं लिहिलेलं असतं ते याच शास्त्रापायी.

हॉलंडमध्ये लायडनच्या विलेम आइंटहोवेनने या कामाला खरं रूप दिलं. चांदीचा मुलामा दिलेला काचमण्याचा अतिबारीक धागा चुंबकाच्या मधोमध ताणायचा. हृदयाची वीज त्यातून गेली की धागा थरथरतो आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटते. या यंत्राचं वजन जवळजवळ २७० किलो, चालवायला पाच माणसं, आणि रोग्याचे दोन्ही हात नि एक पाय खाऱ्या पाण्याच्या घागरींत. यंत्र इस्पितळात नेणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने इस्पितळापासून प्रयोगशाळेपर्यंत, दीड किलोमीटर, टेलिफोनची तार वापरली. २२ मार्च १९०५ रोजी पहिला असा दूरचा आलेख उतरला. तो कुणा रोग्याचा नव्हता, एका धडधाकट माणसाचा होता. आलेखातले उंच सुळके बघून त्याचं कारण लावलं गेलं ते हे, की हा गडी प्रयोगशाळेतून इस्पितळात सायकल मारत आला होता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. अंतरावरून वाचलेलं जगातलं पहिलं हृदय सायकलवाल्याचं! पोरांना सांगितलं तर ती म्हणाली, “आंटी, उसका स्ट्रैप गीला था.” होता खरा. घागरभर पाण्यात हात घालून बसला होता.

आमच्या खोलीतलं यंत्र अर्थातच टेबलावर मावणारं होतं. तापलेली सुई मेणचट कागदावरून सरकायची, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पुढे जायचा. पाच मिलिमीटरचा मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. दोन सुळक्यांमध्ये मोठे चौकोन किती ते बघायचं, ३०० ला त्या संख्येने भागायचं, की मिनिटाचे ठोके आले. चार चौकोन असले तर ७५. हे गणित मी भाजीच्या रांगेतसुद्धा करू शकते. हातापायांना पत्र्याच्या चकत्या, रबरी पट्टे, छातीवर चिकटवायचे रबरी फुगे, आणि सगळ्यांखाली जेली. जेली संपली आणि भांडारातून आली नाही, हे सरकारी असो की खाजगी, कुठेही व्हायचं. मग मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून चकतीखाली ठेवायचा. आलेख उत्तम यायचा. आइंटहोवेनची घागर कापसाच्या बोळ्यात आली, इतकाच फरक.

आता खोटं कसं दिसायचं ते सांगते, कारण इथेच गोम आहे. चकती सैल असली की सगळी रेघ श्वासाबरोबर वरखाली डोलायची. खाट भिंतीतल्या वायरिंगला लागली असली किंवा अर्थिंग धड नसलं की रेघ जाड, केसाळ व्हायची. ती घरातल्या विजेची सेकंदाला ५० ची थरथर. जानेवारीत जबलपूरची थंडी अंगात शिरते, तेव्हा खेड्यातून पहाटेच्या गाडीने आलेली बाई कुडकुडत असायची आणि रेघेवर दातेरी गवत उगवायचं. ते हृदयाचं नसे, दंडाच्या स्नायूंचं असे. तिला घोंगडी द्यायची, बांगड्या वर सारायच्या, “माई, हाथ ढीला छोड़ो” म्हणायचं आणि दोन मिनिटं काहीच करायचं नाही. गवत आपोआप जायचं. कधीकधी एखाद्याचा दुसरा, बुटका उंचवटा (आम्ही त्याला टी म्हणतो) इतका उंच असायचा की यंत्राने मोजले तर ठोके दुप्पट भरले असते. पण मोजायला मी होते आणि कागद होता. खोट डोळ्यांना दिसायची.

छातीचा पट्टा हेच सगळं काम करतो. दोन ओल्या चकत्या, मधली वीज, सुळक्यापासून सुळक्यापर्यंतचा वेळ, भागाकार. फक्त तो कागद दाखवत नाही. सैल चकती, दातेरी गवत, उंच टी, सगळं पोटात घालून तो एकच आकडा हातावर ठेवतो, आणि आकडा नेहमी सारख्याच थाटात येतो, खरा असो की खोटा. म्हणून खोट शोधायची तर तो आकडा कसा वागतो ते बघावं लागतं. माझ्या मते पोरांचा सगळा घोळ इथे आहे. ती आकडा वाचतात, त्याचं वागणं वाचत नाहीत.

माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते. हा कारखाना १९०४ चा. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा आला, १९६९ मध्ये वाहनांचा. पाळी सुटली की रांझीकडच्या रस्त्यावर सायकलींचा असा लोंढा यायचा की पलीकडे जायला थांबून राहावं लागे. काळ्या, जड, दांडीच्या सायकली, कॅरियरला डबा. भोंगा व्हायच्या आत फाटक गाठायचं, एवढाच हिशेब. त्यांच्यापैकी कुणाच्या हृदयाचे किती ठोके पडत होते ते कुणी मोजलं नाही. छातीत कळ आल्यावर मात्र त्यांतले काही माझ्या खोलीत येत. खाटेवर निजवलं की आलेख अगदी सरळ, निर्दोष. “सायकल मारतानाच होतं हो, इथे नाही होत,” असं ते सांगत. आणि सायकल मारताना बघायची सोय आमच्याकडे नव्हती. ट्रेडमिलवर चालवून आलेख काढायची चाचणी पुष्कळ उशिरा आली.

त्या सोयीचा शोध आधीच लागला होता. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टरने १९४० च्या दशकाच्या शेवटी पाठीवर घ्यायचं एक धूड बनवलं होतं. वजन पस्तीसेक किलो, आणि ते हृदयाचा आलेख रेडिओने पाठवायचं. माणूस खाटेवरून उठला, तो तिथे. पुढे ते धूड आक्रसत खिशात मावू लागलं. ‘चोवीस तासांचा हॉल्टर लावा’ असं डॉक्टर म्हणतात तो हाच. पण खेळाडूंच्या छातीपर्यंत तो पोचला फिनलंडमुळे. औलू विद्यापीठातले सेप्पो सायनायाकांगास हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूचे ठोके धावताना कसे मोजायचे, या प्रश्नातून त्यांनी १९७७ मध्ये केंपेले गावी पोलर ही कंपनी काढली, आणि १९८२ मध्ये बिनतारी पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ अशी जोडी बाजारात आली. त्याच वर्षी इटलीच्या फ्रांचेस्को कोंकोनी यांनी वेग वाढवत नेला की ठोक्यांची चढती रेघ कुठे वाकते ते बघायची आपली चाचणी प्रसिद्ध केली. जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू फ्रांचेस्को मोझरने कोंकोनींच्या तालमीत तासाला ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम केला आणि ठोके मोजून सराव करणं सायकलवाल्यांच्या जगात फॅशन झालं. त्या विक्रमामागे स्वतःचंच रक्त पुन्हा चढवून घेण्याचाही हात होता. तेव्हा त्यावर बंदी नव्हती, आणि मोझरने पुढे ते मान्य केलं. सगळं श्रेय पट्ट्याला देऊ नये.

नव्वदच्या दशकात माझ्या भाच्याने परदेशातून असला एक पट्टा आणला. आम्ही तो बांधून बरगीच्या दिशेने निघालो. बरगी धरणावर ४५ मेगावॅटचे दोन संच आहेत. त्या वीजघरातून उच्चदाबाच्या तारा निघतात. तारांखालून जाताना घड्याळ सरळ २३० वर गेलं आणि पलीकडे निघताच १३० वर आलं. भाचा घाबरला, मला हसू आलं. खाट वायरिंगला लागली होती. जुने पट्टे ५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकी लहरीने ठोका घड्याळाकडे फेकत. त्या लहरीला ना सांकेतिक खूण, ना पत्ता. उच्चदाबाची तार, रेल्वेची तार, मोटारीचं इंजिन, कशाचीही कुरबुर घड्याळ ठोका म्हणून मोजे. दोघं जण खेटून चालले तर शेजाऱ्याचे ठोके आपल्या मनगटावर येत. नवराबायकोने जोडीने सायकल चालवावी असा तो काळ नव्हता. पुढे ठोक्यावर सांकेतिक शिक्का मारायची युक्ती आली, मग एएनटी प्लस आणि ब्लूटूथ या बिनतारी पद्धती. त्यांत शेजाऱ्याचं हृदय येत नाही. त्यांची अडचण वेगळी: ही लहर पाण्यात शोषली जाते, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. पट्टा छातीवर, फोन जर्सीच्या मागच्या खिशात, मध्ये आपला देह. आकडा अधूनमधून गायब होतो.

तेव्हा पहिली पारख ही. आकडा गायब होतो की खोटा येतो? गायब होत असेल, डबीवर नुसत्या रेघा येत असतील, तर बिघाड निरोपात आहे: फोन हँडलवर आणा, नाहीतर नाण्याएवढी बॅटरी बदला. खोटा येत असेल तर बिघाड कातडीपाशी आहे. आणि तो कधी खोटा येतो? पहिली दहा-पंधरा मिनिटंच भलता येऊन मग सुधारत असेल, तर पट्टा कोरडा होता. घाम आल्यावर त्याला त्याची घागर मिळाली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. पॉलिएस्टरची ढगळ जर्सी उतारावर वाऱ्याने छातीवर फडफडली की तीच स्थिर वीज पट्ट्यात घुसते. उतारावर पाय थांबलेले आणि आकडा १८०, असं कुणी म्हणालं की मी जर्सी बघते. घट्ट घाला, किंवा पट्ट्यावरून ओला हात फिरवा. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर फारच छान. ईसीजीची जेली असेल तर विचारूच नका.

पूर्वी नीट चालणारा पट्टा हळूहळू बिघडत गेला असेल तर बहुधा मिठाचाच दोष, यावेळी जास्तीचा. घाम वाळून पट्ट्याच्या कापडात पांढरी कड येते, टिचबटणांवर हिरवट थर चढतो. टिचबटणांवरची डबी काढून पट्टा दरवेळी साध्या पाण्याने धुवायचा, अधूनमधून सौम्य साबणाने. कपडे मऊ करायचं द्रव्य अजिबात नको, ते चकत्यांवर बसतं. आणि डबी पट्ट्यावरच लटकत ठेवायची नाही. ओल्या पट्ट्यावर ती स्वतःला छातीवर समजून जागी राहते आणि बॅटरी खाते. मुलींसाठी आणखी एक: पट्टा ब्राच्या पट्टीच्या बरोबर खाली बसला पाहिजे, अर्धा वर अर्धा खाली असला तर रेघ डोलणार. हे दुकानातला मुलगा सांगत नाही, म्हणून मी सांगते.

हल्ली पुष्कळ जण पट्ट्याच्या भानगडीतच पडत नाहीत. मनगटावरचं घड्याळ खालून हिरवा उजेड पाडून ठोके मोजतं. त्याचं मूळ अमेरिकन संशोधक आलरिक हर्ट्झमन यांच्या १९३७ च्या कामात आहे: कातडीवर उजेड टाकायचा, रक्ताची लाट आली की परतणारा उजेड कमी होतो, तो फरक मोजायचा. इथे विजेचा संबंध नाही, त्यामुळे मिठाचाही नाही. पण सायकलवर मनगट मुडपलेलं, मूठ आवळलेली, आणि खडबडीत रस्त्याची थरथर हँडलमधून थेट घड्याळात. थंडीत मनगटाचं रक्त आत ओढलं जातं, मग लाटच क्षीण. पेडल किंवा धक्क्यांची लय सापडली तर घड्याळ तीच ठोका म्हणून धरून बसतं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, घट्ट बांधलं तर पुष्कळ सुधारतं. दंडावरचा पट्टा त्याहून बरा.

माझी आत्या नव्वदीला टेकलेली. नातवाने कौतुकाने घड्याळ तिच्या डाव्या हाताला बांधलं. काही केल्या आकडा येईना. घरात क्षणभर सगळ्यांचे चेहरे उतरले. आत्या म्हणाली, “मी बोलतेय ना रे?” मी घड्याळ सोडून बघितलं: बरोबर त्या जागी तुळशीवृंदावनाचं गोंदण, काजळीचं, वयाबरोबर पसरून निळंकाळं झालेलं. हिरवा उजेड तिथेच अडत होता. उजव्या हाताला बांधलं, ७२ आले. मंडला-दिंडोरीकडच्या बैगा बायका तर हातभर गोंदवतात. त्यांच्यापुढे या घड्याळाने हात टेकले असते.

उंच आकड्याने घाबरणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. २२० उणे वय हे सूत्र दगडावरची रेघ नाही. ते १९७१ च्या सुमारास फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखनातून पसरलं, आणि त्यामागे आधीच्या काही अभ्यासांवरून काढलेला ढोबळ अंदाज होता. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ उणे वयाच्या सात दशांश, असं सुचवलं. दोन्ही सरासऱ्या आहेत. धट्टीकट्टी माणसंही त्यांपासून दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे असतात. तेव्हा सूत्राबाहेरचा आकडा आला म्हणजे पट्टा खोटा, असंही नाही.

शेवटी बोटं आहेतच. थांबायचं, गळ्याच्या एकाच बाजूला हलके बोटं ठेवायची (जोरात दाबलं तर ठोके उतरतात), १५ सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून लगेच मोजायचं. पट्टा आणि बोटं जुळली तर पट्ट्याला दोष देणं बंद.

मागच्या हिवाळ्यात असंच झालं. पन्नाशीचे एक गृहस्थ, नियमाने येणारे, डुमन्याच्या उतारावर पाय थांबवून चालले असता १९० दाखवायला लागले. पट्टा ओला, जर्सी घट्ट, बॅटरी नवी. मी त्यांना थांबवून गळ्याला बोटं लावली. बोटांखाली इतकी भराभर नि एकसारखी फडफड होती की चारने गुणायची गरज पडली नाही. रस्त्याकडेला बसवलं, पाचेक मिनिटांत कुणीतरी कळ फिरवावी तसे ठोके एकदम खाली आले. इस्पितळात पोचेपर्यंत ईसीजी सरळ, निर्दोष. मी डॉक्टरांना पट्ट्याचा आकडा आणि बोटांची साक्ष, दोन्ही सांगितलं. हॉल्टर लागला, आणि रात्री जिना चढताना ती फडफड कागदावर सापडली. गोळी सुरू झाली.

आता ते पुन्हा येतात, आणि तक्रार घेऊन येतात. कितीही जोर लावला तरी आकडा १२५ च्या वर जात नाही; पट्टा गेला वाटतं, नवा कुठला घेऊ? मी गोळीचं नाव विचारलं. बीटा ब्लॉकर. ठोके खाली धरून ठेवणं हेच तिचं काम. पट्टा अगदी ठणठणीत आहे, असं सांगितलं, तरी ते नवा घेऊन आलेच. त्यातही १२५.